बॉण्ड मोडला तर नेमकं किती भरावं लागतं? पहिल्या नोकरीवाल्यांसाठी पायऱ्या

कॅम्पसमधून ऑफर मिळते, आठवडाभरात एचआरचा मेल येतो आणि त्याच्या शेवटी दोन ओळी असतात: रुजू होताना स्टॅम्प पेपरवर सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट (म्हणजेच बॉण्ड: ठरावीक मुदत काम करीन, आधी सोडलं तर पैसे देईन असा करार) करून आणावं, वडिलांची किंवा पालकांची जामीनदार म्हणून सही हवी, मूळ मार्कशीट सोबत असावी. मग सल्ले सुरू होतात. एक सीनियर सांगतो, "बॉण्ड म्हणजे नुसता कागद, कोर्टात टिकत नाही." दुसरा सांगतो, "सोडलंस तर पोलीस घरी येतील." दोघंही चुकतात.

खरी स्थिती अशी आहे. खाजगी कंपनी तुम्हाला बळजबरीने कामावर ठेवू शकत नाही. ती फार तर पैसे मागू शकते आणि तेही बॉण्डवर छापलेला आकडा आहे म्हणून आपोआप मिळत नाहीत. प्रश्न "बॉण्ड वैध की अवैध" असा नसतोच, "किती आणि कशाच्या पुराव्यावर" असा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी चार गोष्टी समजून घ्या

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सांगतं की, एखाद्याला कायदेशीर व्यवसाय किंवा नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं स्पर्धक कंपनीत जाणार नाही" हे वाक्य भारतात सहसा टिकत नाही. क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याची जाहिरातींची कामं पाहणारी कंपनी यांच्यातल्या वादातही सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये हेच तत्त्व लावलं: कराराची मुदत संपल्यावर लागू होणारं बंधन चालणार नाही.

पण कलम 27 दाखवून पूर्ण बॉण्ड उडवता येतो हा गैरसमज आहे. नोकरी चालू असतानाचं बंधन वेगळं आणि नोकरीनंतरचं वेगळं. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये हे स्पष्ट केलं. तिथे किमान 3 वर्षं सेवा, नाहीतर 2 लाख रुपये अशी अट होती. एक वरिष्ठ व्यवस्थापक 2007 मध्ये रुजू झाला, 2009 मध्ये दुसऱ्या बँकेत गेला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि मग परत मागितले. उच्च न्यायालयात तो जिंकला, सर्वोच्च न्यायालयात हरला. न्यायालयाचं म्हणणं असं की, अट नोकरीच्या काळातली आहे, सरकारी बँकेला रिकामी जागा भरायला पुन्हा जाहिरात आणि भरतीचा सगळा खटाटोप करावा लागतो आणि त्या हुद्द्याच्या पगाराच्या मानाने 2 लाख ही रक्कम राजीनामा अशक्य करण्याइतकी मोठी नाही. शेवटचं वाक्य नीट वाचा. वरिष्ठ व्यवस्थापकाला 2 लाख आणि महिना 18 हजारांवर लागलेल्या डिप्लोमावाल्याला 2 लाख, यात फरक आहे आणि तो मांडायला जागा आहे.

दुसरं कलम 74. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय "वाजवी भरपाई" देतं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. 2015 च्या कैलाशनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कलम 74 खाली भरपाईसाठी नुकसान झालेलं असावं लागतं. ते मोजणं शक्य असेल तर सिद्ध करावं लागतं आणि मोजणं अवघड असेल तरच आधी प्रामाणिकपणे अंदाजलेली रक्कम देता येते.

तिसरं, विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम 14. व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय जबरदस्तीने पाळायला लावत नाही. म्हणून "परत कामावर या" असा हुकूम येत नाही.

चौथी गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते आणि तिचा उगम आपल्या कल्याणमध्येच आहे. तिथल्या टायर कॉर्ड बनवणाऱ्या कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून स्पर्धक कारखान्यात नोकरी धरली. कारखान्याने हे तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. न्यायालयाने त्याला उरलेल्या मुदतीत त्याच प्रकारचं काम दुसरीकडे करण्यास मनाई केली आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. म्हणजे ठरावीक मुदतीचा करार, "या मुदतीत दुसरीकडे काम करणार नाही" असं स्पष्ट कलम, खरोखरचं गुप्त तंत्रज्ञान आणि थेट स्पर्धक, एवढं सगळं जुळलं तर मनाई येऊ शकते. जावा शिकवून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसवलेल्या फ्रेशरला हा धोका जवळपास नाही. औषध कंपनीत प्रोसेस डेव्हलपमेंटला असाल तर आहे.

पायरी 1: सही करण्यापूर्वी काय वाचायचं

मसुदा आधी मेलवर मागा. रुजू होण्याच्या दिवशी तीस जणांच्या रांगेत उभं राहून वाचता येत नाही आणि तिथे बदल मागण्याची हिंमतही होत नाही. मसुदा हातात आला की या जागा शोधा:

मुदत कधीपासून मोजली आहे? "रुजू झाल्यापासून 24 महिने" आणि "प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण झाल्यापासून 24 महिने" यात सहा महिन्यांचा फरक पडतो. प्रशिक्षण कंपनीने लांबवलं तर तो आणखी वाढतो.

रक्कम घटत जाते का? सगळ्यात कामाची दुरुस्ती हीच. "पूर्ण न झालेल्या महिन्यांच्या प्रमाणात" एवढे शब्द घालून घ्या. 23 व्या महिन्यात सोडणाऱ्याकडूनही पूर्ण 2 लाख मागणारं कलम न्यायालयात कमकुवत असतं, पण तुम्हाला न्यायालयात जायचंच नाहीये.

कंपनीने काढलं तर काय? काही मसुद्यांत "कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास" असं असतं. म्हणजे मंदी आली, त्यांनी कमी केलं, तरी पैसे तुम्ही द्यायचे. तिथे "कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास" असं करून मागा.

"आजवर दिलेला सर्व पगार परत" असं कलम दिसलं तर लेखी हरकत घ्या. केलेल्या कामाचा पगार म्हणजे कंपनीचं नुकसान नव्हे. प्रशिक्षणाच्या काळातलं विद्यावेतन हा वेगळा मुद्दा. त्यावर कंपनी दावा करू शकते.

जामीनदार. इथे घाई करू नका. करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ माणसाइतकीच असते. कंपनी तुम्हाला सोडून थेट वडिलांवर दावा लावू शकते आणि नोटीस त्यांच्या नावाने गावच्या पत्त्यावर जाते. बहुतेक घरांत मुलगा किंवा मुलगी बॉण्डला नव्हे, या नोटिशीला घाबरून पैसे भरते. "जामीनदार देता येणार नाही, माझी वैयक्तिक सही घ्या" असं विचारून पाहा. बऱ्याचदा एचआर हो म्हणतं, कारण तो रकाना जुन्या मसुद्यातून आलेला असतो.

लवाद (न्यायालयाऐवजी वादाचा निवाडा करणारी व्यक्ती) आणि न्यायक्षेत्र. "वाद बेंगळुरूच्या न्यायालयात" असं लिहिलं असेल आणि तुम्ही नाशिकमध्ये काम करणार असाल, तरी ते सहज मोडता येईल असं समजू नका. नोकरीच्या करारातलं असं कलम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात वैध धरलं.

कोरा चेक देऊ नका. बॉण्ड हा दिवाणी मामला आहे, पण चेक न वटण्याचा खटला फौजदारी न्यायालयात चालतो. कंपनीने पुढे त्यावर 2 लाख लिहून तो भरला तर "तेवढं देणं कायद्याने लागूच नव्हतं" हे तुम्हाला तिथे जाऊन दाखवावं लागेल. देणं भागच असेल तर चेकवर रक्कम आणि कंपनीचं नाव लिहा, "फक्त सुरक्षा म्हणून" असा उल्लेख असलेलं पत्र जोडून पोच घ्या, चेकचा फोटो ठेवा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून घ्यायला द्यायची नाहीत. पदवीचा कागद गहाण टाकायची वस्तू नाही. "पडताळणीसाठी आठ दिवस" म्हणाले तर प्रत्येक कागदाचा क्रमांक लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती घ्या. पावती नसेल तर नंतर "आमच्याकडे काही नाही" हे उत्तर ठरलेलं.

स्टॅम्प पेपरचा बाऊ नको. महाराष्ट्रात अशा साध्या करारांचं मुद्रांक शुल्क ऑक्टोबर 2024 पासून 100 वरून 500 रुपये झालं. कमी शुल्क असलेला करार पुरावा म्हणून दाखल करण्यापूर्वी कमी पडलेलं शुल्क आणि दंड भरावा लागतो; करार त्यामुळे रद्द होत नाही. नोटरीच्या शिक्क्यानेही तो जास्त पक्का होत नाही. सही करताना तुमचं वय 18 पूर्ण नसेल तर मात्र बॉण्ड तुमच्याविरुद्ध चालत नाही. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांनी तारीख तपासावी.

सही केलेल्या प्रतीची सर्व पानं स्कॅन करून स्वतःच्या खाजगी मेलवर ठेवा.

पायरी 2: नोकरीत असताना कागद जमवा

कंपनीला खर्च सिद्ध करावा लागतो, म्हणून तो झाला की नाही याचा तुमचा स्वतःचा पुरावा हवा. प्रशिक्षणाचं वेळापत्रक, बाहेरचा प्रशिक्षक होता की टीममधल्याच कोणी शिकवलं, सर्टिफिकेट परीक्षेची फी कोणी भरली, क्लायंटच्या कामावर कधीपासून लावलं, त्याची टाइमशीट. तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही क्लायंटचं बिल होणारं काम करत असाल, तर "सहा महिन्यांचं प्रशिक्षण" हा दावा तिथेच ढिला होतो. कंपनीचा कोड, क्लायंटचा डेटा खाजगी मेलवर पाठवू नका. त्याने बॉण्डपेक्षा मोठी भानगड होते. तारखा आणि तपशील वहीत लिहिले तरी पुरतात.

परदेशी पाठवलं तर बहुधा नवा बॉण्ड पुढे येतो. व्हिसा, विमान, राहणं याची बिलं कंपनीकडे असतात आणि तो खर्च सहज सिद्ध होतो. असा बॉण्ड हलका समजू नका.

पायरी 3: सोडण्यापूर्वी हिशेब करा

दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2011 च्या सिक्पा इंडिया प्रकरणातला हिशेब अजून उपयोगी पडतो. बॉण्ड 3 वर्षांचा, रक्कम 2 लाख. कंपनीचा सिद्ध झालेला प्रशिक्षण खर्च साधारण 67,600 रुपये. कर्मचाऱ्याने दोन वर्षं पुरी केली होती. मिळाले 22,532 रुपये, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा उरलेला एक तृतीयांश. 2 लाख कुठेच नाहीत.

हेच सूत्र स्वतःला लावा. समजा बॉण्ड 24 महिने, 2 लाख. तुम्ही 15 महिन्यांनी निघता. बाहेरचं प्रशिक्षण, परीक्षा फी, प्रशिक्षण काळातला खर्च मिळून खरा आकडा 80 हजारांच्या आसपास वाटतो. उरलेले महिने 9. 80,000 ला 24 ने भागून 9 ने गुणा: 30,000. बोलणी करताना हा तुमचा आकडा. न्यायालय दरवेळी याच वाटेने जाईल याची हमी नाही. विजया बँकेच्या प्रकरणात पूर्ण रक्कम टिकली, कारण तिथे नुकसान प्रशिक्षणाचं नव्हतं, पुन्हा करावी लागणाऱ्या सरकारी भरतीचं होतं. सरकारी बँक किंवा सार्वजनिक उपक्रमातून निघत असाल तर पूर्ण आकडा भरायच्या तयारीनेच निघा.

प्रशिक्षण दिलंच नसेल, दोन दिवसांचं इंडक्शन आणि थेट काम, तर तसं लेखी सांगा. खर्च नाही, तर भरपाई कशाची?

नोटीस पिरियड (राजीनाम्यानंतर काम करायची ठरलेली मुदत) हे वेगळं देणं आहे. तो पुरा करणार असाल तर त्याचे पैसे नाहीत. बॉण्ड आणि नोटीस पिरियड एकत्र धरून एकच मोठा आकडा पाठवण्याची सवय एचआरला असते, फोड मागा.

पायरी 4: राजीनामा

मेलवर द्या, खाजगी मेलला सीसी ठेवा. नोटीस पिरियड पुरा करा. अचानक गायब होणं ही सगळ्यात महागडी चूक आहे, कारण त्यानंतर नुकसान झालं हे सांगणं कंपनीला फार सोपं जातं. राजीनाम्यात बॉण्डबद्दल वाद घालू नका, फक्त शेवटचा दिवस आणि हस्तांतराची तयारी लिहा. लॅपटॉप, आयडी कार्ड, सिम परत केल्याची पोच घ्या.

आता खरा दबाव सुरू होतो. एक-दोन लाखांसाठी वकील लावून साक्षीदार उभे करून वर्षानुवर्षं दावा चालवणं कंपनीलाही परवडत नाही. तिच्या हातात असतं रिलीव्हिंग लेटर (कार्यमुक्तीचं पत्र) आणि फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब). म्हणून नव्या कंपनीला आधीच सांगा की रिलीव्हिंग लेटरला वाद आहे. राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर, पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक यावर बऱ्याच कंपन्या तात्पुरतं चालवून घेतात. काही कंपन्या बॉण्डची रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून देतात, पण मागितल्याशिवाय नाही.

पगाराचं बघू. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पगारातून काय कापता येतं याची यादी त्याच संहितेत आहे आणि बॉण्डची रक्कम तीत नाही. परस्पर पगार अडवला तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

पीएफ तर कंपनीचा नाहीच. कंपनीने बाहेर पडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः यूएएन पोर्टलवर ती भरू शकता.

पायरी 5: वकिलाची नोटीस आली

घाबरू नका आणि फाडूनही टाकू नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने 1954 मध्ये, मुख्य न्यायाधीश छागला असताना, सांगितलं आहे की, भरपाईचा दावा हा न्यायालयाने ठरवेपर्यंत कर्ज होत नाही. "तुमच्याकडे आमचं 2 लाखांचं देणं आहे, 24 टक्के व्याजासह" ही भाषा म्हणून नुसती मागणी आहे. बॉण्ड मोडल्याबद्दल पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. तशी धमकी आली तर ती लेखी जपून ठेवा.

मागणीत जीएसटी लावला असेल तर तो काढायला सांगा. बॉण्डची रक्कम किंवा नोटीस पिरियडची वसुली यावर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात म्हटलं आहे. क्रमांक 178.

पंधरा दिवसांत उत्तर द्या, शक्यतो वकिलामार्फत, स्पीड पोस्टने. त्यात एवढं पुरे:

"मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत सेवा दिली आणि नोटीस पिरियड पूर्ण केला. आपण मागितलेली रक्कम मला मान्य नाही. माझ्यावर झालेल्या प्रशिक्षण खर्चाचा बिलांसह तपशील आणि करारातील उरलेल्या मुदतीच्या प्रमाणातील आकडेमोड पाठवावी. करार कायद्याच्या कलम 74 नुसार वाजवी ठरेल त्या रकमेबद्दल चर्चेस मी तयार आहे. ही तयारी देणं मान्य केल्याची कबुली समजू नये. माझा थकलेला पगार आणि प्रमाणपत्रं तातडीने परत करावीत."

बहुतेक प्रकरणं या पत्रानंतर फोनवर येतात.

लवादाचं पत्र आलं तर जास्त सावध राहा. कंपनीने परस्पर नेमलेला एकमेव लवाद टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सांगितलं आहे. पण हरकत तुम्हाला लेखी घ्यावी लागते. पत्राकडे दुर्लक्ष केलं की एकतर्फी निवाडा होतो, तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो आणि त्याला आव्हान द्यायला तीन महिने आणि फार तर आणखी 30 दिवस मिळतात. समन्सचंही तसंच: हजर राहा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारे यांना मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100.

वैद्यकीयवाल्यांना हे सगळं तसंच लागू होत नाही. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सेवा हा सरकारी प्रवेशाच्या अटींचा भाग आहे. अशा सक्तीच्या सेवेच्या अटी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये वैध ठरवल्या आहेत. तिथे 22,532 चं उदाहरण घेऊन जाऊ नका.

पायरी 6: तडजोड केली तर

रक्कम बँकेतून द्या, रोख नको. पैसे आणि कागद एकाच दिवशी हातोहात व्हावेत: रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला, मूळ बॉण्ड "रद्द" शेरा मारून, दिलेला चेक, प्रमाणपत्रं आणि "यापुढे कोणतंही देणं बाकी नाही" हे पत्र. त्या पत्रात जामीनदाराचं नावही घालून घ्या. ते राहिलं की तुमची सुटका होते आणि वडील कागदावर तसेच अडकून राहतात. वाद मिटवायचाच नसेल, तर लक्षात ठेवायची मुदत अशी: करार मोडल्यापासून तीन वर्षांत कंपनीने दावा लावला नाही, तर तो मुदतबाह्य होतो. तोवर पत्ता बदलला तर टपाल पुढे पाठवायची सोय करून ठेवा आणि वरचे सगळे कागद फेकू नका.